पणजीच्या पेटीतून पणतवंडाच्या हातात: घरच्या जुन्या वस्तू सोपवण्याची रीत

पितळेचा गडू, विरत चाललेली पैठणी, चांदीचे वाळे, गळ्यातली पुतळ्यांची (सोन्याच्या नाण्यासारख्या चकत्यांची) माळ, मोडी लिपीतला एखादा कागद. बहुतेक मराठी घरांत पणजी-पणजोबांच्या काळातले यांपैकी काहीतरी असतेच. माळ्यावरून ते खाली येते घर बदलताना किंवा कुणी गेल्यावर, आणि ती वस्तू कुणाची हे सांगणारे माणूस नेमके तेव्हा उरलेले नसते. मग पितळ मोडीच्या भावाने जाते, माळ वितळवून बांगडी होते. हे टाळायचे असेल तर काम आजी-आजोबा बोलते असताना सुरू करावे लागते. वस्तू जपण्याआधी तिची माहिती जपा, कारण भांडे आणखी शंभर वर्षे टिकेल, माहिती टिकणार नाही.

पहिले काम: वही

दोनशे पानी, शिवलेल्या बांधणीची वही घ्या. स्पायरल नको, तिची पाने सुटतात आणि तार गंजते. एका वस्तूला समोरासमोरची दोन पाने द्या. डाव्या पानावर वस्तूची माहिती, उजवे पान रिकामे. ते मुलांसाठी आहे, त्याबद्दल शेवटी.

डाव्या पानावर हे लिहा: क्रमांक, वस्तूचे घरातले नाव आणि बाजारातले नाव (घरात ‘मोठा तांब्या’ म्हणतात ती वस्तू पुष्कळदा कळशी असते), धातू किंवा कापड, वजन ग्रॅममध्ये, उंची आणि तोंडाचा व्यास, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखन न सुधारता, कुणाकडून कुणाकडे आली, कोणत्या सणाला, कोणत्या कामाला वापरत, केव्हा काय दुरुस्ती झाली. नमुन्यादाखल एक नोंद अशी दिसेल:

‘क्र. ७. गडू, पितळी. वजन ६४० ग्रॅम, उंची १४ सें.मी. गळ्याखाली टिंबांनी नाव. वडिलांच्या आजीच्या रुखवतातला. गौरीच्या दिवशी पाणी भरून ठेवत. बुडाला एक पोचा, जुना. आजीने सांगितले, मे महिन्यात.’

शेवटचे वाक्य विसरू नका. कुणी सांगितले आणि कधी, हे नसेल तर पुढे दोन आठवणी एकमेकींविरुद्ध गेल्यावर कोणती धरायची ते ठरवता येत नाही.

आजीला ‘या वस्तूबद्दल सांग’ असे विचारले तर ‘काय सांगायचं, जुनी आहे’ एवढेच उत्तर मिळते. वस्तू तिच्या हातात द्या आणि कामाचे विचारा: यात काय शिजवायचे? कोण घासायचे? कशाने? हे कुणाला हात लावू देत नसत? फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा, एका बैठकीत पंचवीस-तीस मिनिटे, चार-पाच वस्तू. फाइलचे नाव वहीतल्या क्रमांकानेच ठेवा.

बाईमाणसांची नावे लिहिताना माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही लिहा. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे एकाच पणजीची दोन नावे असतात. भांड्यावर एक, माहेरच्या कागदांत दुसरे. ही एक ओळ नसल्यामुळे पुढची पिढी एका बाईला दोन बायका समजते.

छायाचित्रे खिडकीजवळ, सकाळच्या पसरट उजेडात, फ्लॅश न लावता काढा. प्रत्येक वस्तूची किमान चार: समोरून, मागून, तळाचे, आणि कोरलेल्या मजकुराचे. एका छायाचित्रात शेजारी पट्टी ठेवा. वस्तूवर चिकटपट्टी लावू नका. जाड कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलने क्रमांक घालून सुती दोऱ्याने बांधा. रबरबँड तर चांदीच्या जवळपासही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

भांड्यावरचे नाव वाचणे

आपल्याकडे भांड्यांवर नावे घालण्याची पद्धत होती हे मोठे भाग्य. कार्यप्रसंगी भांडी एकमेकांकडे जात, ती ओळखून परत यावीत म्हणून नाव. लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचेही नाव असे. छिन्नीने पाडलेली ही टिंबे घासून घासून पुसट होतात. वाचण्यासाठी खोलीत अंधार करा आणि टॉर्च भांड्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. टिंबांच्या सावल्या उठतात. दुसरा उपाय पातळ बटरपेपर आणि मऊ पेन्सिल: कागद घट्ट धरून शिसे आडवे घासले की अक्षरे कागदावर उतरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे काम द्यावे. त्याला ते अतिशय आवडते, आणि नाव ‘सापडते’ तेव्हा ते भांडे त्याचे होते.

मजकुरात काय असते? ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, ‘चि. सौ. कां.’ म्हणजे लग्न व्हायची मुलगी, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. ‘यांस’ आणि ‘यांजकडून’ हे शब्द दिसले तर आहेर. ‘मु.’ पुढे गाव. साल बहुधा शके असते. शके ते इसवी करताना सरसकट ७८ मिळवतात, आणि इथेच चूक होते. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८४७ वैशाख म्हणजे १९२५, पण शके १८४७ माघ म्हणजे १९२६. पौष दोन्ही वर्षांत सांडतो, तिथी असेल तर पंचांगावरून ठरवा. माघ-फाल्गुनात लग्ने पुष्कळ होत, म्हणून हा एक वर्षाचा फरक नेहमी लक्षात ठेवा.

पितळ आणि तांबे

वाचून, नोंदवून झाल्यावरच घासायला घ्या. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात १५ मिनिटे भिजवा, कोळात एक चमचा मीठ घाला, मऊ फडक्याने दोन-तीन मिनिटे चोळा. कोपऱ्यांसाठी जुना दातांचा ब्रश. काथ्या, तारेची घासणी, रांगोळी, वीटकर यांपैकी काहीही नाव घातलेल्या जागी नको. नंतर भरपूर पाण्याने दोनदा धुवा, शेवटचे पाणी गरम घ्या, लगेच कोरडे पुसून तासभर उन्हात ठेवा. मीठ राहिले की आठ-पंधरा दिवसांत हिरवे ठिपके येतात. ठिपके आले म्हणजे पितळ खराब असे नसते, धुणे अपुरे झालेले असते.

यंत्रावर पॉलिश करून आणणे ही सगळ्यांत जास्त होणारी आणि न सुधारता येणारी चूक आहे. बफच्या चाकाखाली टिंबे जातात, आणि भांड्याचा पत्ता जातो. नाव असलेल्या भांड्याला वर्षातून एकदा, दिवाळीआधी, घासणे पुरे. काळसर रंग धातूला काही करत नाही.

शोभेला न ठेवता वापरायचे ठरवले असेल तर उत्तमच, पण स्वयंपाकासाठी आतून कल्हई हवी. कल्हईवाला नवसागर टाकून तापल्या भांड्यात कथील फिरवतो. कथील शुद्धच वापरा असे त्याला स्पष्ट सांगा; शिशाची भेसळ असेल तर रंग तसाच दिसतो आणि मुलांच्या अंगात विष जाते. कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नका, कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. आतून नाण्याएवढा पिवळा किंवा तांबडा डाग दिसू लागला की पुन्हा कल्हई. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, आमटी, सोलकढी ठेवली की ती कळकते, आणि कळकलेले खाऊन उलट्या होतात. पाणी पिण्याचा तांब्या किंवा फुलपात्र यांना कल्हईची गरज नाही.

चांदी, नाणी, सोने

वाळे, बिंदल्या, वाटी-चमचा, पानपुडा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, लोकरीतही नको. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवा, डब्यात दोन-तीन खडूचे तुकडे टाका, ओल शोषली जाते. काळी पडलेली साधी चांदी उजळायला भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घाला आणि चांदी फॉइलला टेकवून पाच मिनिटे ठेवा. देवांच्या टाकांना (पत्र्यावर उठवलेल्या देव्हाऱ्यातल्या मूर्तींना) मात्र हा उपाय करू नका. खोबणीतला काळेपणा गेला की मूर्तीचा चेहरा सपाट दिसतो. खडे किंवा मोती असलेल्या वस्तूलाही नाही.

जुनी रुपयाची नाणी असतील तर ती घासूच नका. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांच्या छापाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा, आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा असे. १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे. संग्राहक नाण्यावरच्या मूळ रंगाला किंमत देतात. चकचकीत केलेले नाणे चांदीच्याच भावाचे राहते.

सोन्याच्या जुन्या दागिन्यांत बोरमाळ, मोहनमाळ, ठुशी यांचे मणी पुष्कळदा पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. असा दागिना गरम पाण्यात टाकला की लाख फुगते, मणी फुटतात. ओलसर मऊ फडक्याने पुसायचा, एवढेच. दोरा सैल झाला असेल तर पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या आणि देण्याआधी मणी मोजून वहीत लिहा. नथीच्या मोत्यांना लिंबू, साबण, अत्तर, हेअर स्प्रे सगळेच वर्ज्य. मोती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवले की निस्तेज होतात. लॉकरमध्ये असतील तर वर्षातून एकदा बाहेर काढून दिवसभर अंगावर घाला.

सोनाराकडे दुरुस्तीला देताना वजन समोर करून पावतीवर लिहून घ्या, परत घेतानाही. ‘जुनं सोनं आहे, घट जाईल, मोडून नवीन करू’ हा सल्ला हमखास मिळतो. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतो आणि तो घरात ठेवायला लागतही नाही. शुद्धता हवी असेल तर मान्यताप्राप्त परख केंद्रात न वितळवता तपासून मिळते. पुतळ्या सुट्या करून नातवंडांत एकेक वाटायच्या की माळ अखंड ठेवायची, हा घरोघरचा प्रश्न. आमचे मत: पुतळ्या वाटल्या तर चालते, कारण प्रत्येक पुतळी स्वतः पूर्ण आहे, साज किंवा ठुशी मात्र तोडू नये. भातुकलीचा संच तर कधीच फोडू नये. त्यापेक्षा दर वर्षी वेगळ्या घरी जाऊ द्या.

पैठणी, खण, गोधडी

जुन्या जरीत चांदीची तार असते, म्हणून ती काळवंडते. साडी एकाच घडीवर वर्षानुवर्षे ठेवली की घडीच्या रेषेवर रेशीम तुटते. हात लावला की सरळ चीर जाते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, किंवा कापडाच्या लांब गुंडाळीवर लपेटून ठेवा. बाहेरून खळ काढून धुतलेले मांजरपाट. जुलै-ऑगस्टमध्ये पेटी उघडू नका. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, सावलीत तासभर पसरा. थेट उन्हात नाही.

कसरीसाठी वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला, लवंग यांची पुरचुंडी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी बदला. डांबरगोळ्या लहान मुलांच्या कपड्यांत अजिबात नकोत. त्यांतल्या नॅप्थॅलीनचा वास लागलेल्या दुपट्यात बाळ गुंडाळले आणि बाळाला जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असली, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून बाळ पिवळे पडते. ही कमतरता आहे हे बहुतेक घरांना माहीतही नसते. कापराच्या वड्याही मुलाच्या हाती लागतील अशा ठेवू नका; एखादी गिळली तरी झटके येऊ शकतात. पणजीची कुंची, दुपटे बाळासाठी काढायचे असेल तर आधी सौम्य साबणाने धुवा, दोन दिवस वाऱ्यावर ठेवा आणि वास पूर्ण गेल्याची खात्री करा.

साडी विरली असेल तर? बोटाने हलके ताणल्यावर तंतू तुटत असतील तर ती नेसवू नका. काठ आणि पदर उसवून नव्या कापडावर बसवणे हा जुना मार्ग आहे, त्यातून नातीला परकर-पोलके होते. पदर अखंड ठेवा, कापायचे ते अंगातले कापड. काठ शिवणारी बाई हाताने, सुती दोऱ्याने, लांब टाके घालेल अशी पाहा. यंत्राच्या बारीक टाक्यांनी जुने रेशीम कागदासारखे फाटते.

गोधडी धुण्याच्या यंत्रात टाकू नका. टबात थंड पाणी, रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण, हाताने दाबत धुवायची, पिळायची नाही. दोन दोऱ्यांवर पसरून वाळवायची. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना ती अंगावर घालू नका, तोंडावर आली तर त्याला बाजूला सारता येत नाही. जागेपणी जमिनीवर अंथरून खेळायला ती छान.

कागद आणि छायाचित्रे

जन्मपत्रिका, खरेदीखत, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई आणि कागद दोन्हींचे नुकसान होते आणि ते मग सोडवता येत नाही. घड्या उलगडा, टाचण्या काढा, कागदी पाकिटात सपाट ठेवा. स्कॅन ६०० डीपीआयवर, दोन ठिकाणी साठवून. छायाचित्राच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढून उठते.

अक्षरे एकमेकांत गुंतलेली, डोक्यावर एकच सलग रेघ असेल तर ती मोडी. पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे वर्ग होतात, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही वाचणारे भेटतात. नेताना मूळ कागद नको, स्कॅनची छापील प्रत न्या.

मुलांच्या हातात देण्याआधी

तीन वर्षांखालच्या मुलासाठी साधी चाचणी: सव्वातीन सेंटिमीटर रुंद भोकातून जे जाते ते घशात अडकू शकते. वाळ्यांचे घुंगरू ओढून पाहा, ढिले असतील तर काढून ठेवा. गळ्यातले, कंबरेचे दोरे झोपताना काढा. जुने रंगवलेले पाळणे आणि लाकडी खेळणी यांत शिशाचा रंग असू शकतो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आली. पाळण्याचा कठडा बाळ चावते, म्हणून रंग पोपडत असेल तर पाळणा वापरू नका, आणि कोरड्या कागदाने घासून रंग काढूच नका, धूळ जास्त घातक.

वाघनखाचा ताईत बाळाच्या गळ्यात घालायची जुनी रीत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे खरे वाघनख, हस्तिदंत, मृगाजिन यांची विक्री किंवा भेट चालत नाही. घरात असे काही निघाले तर लपवू नका, वनविभागाला विचारा.

मुलांना वस्तू एकदम देऊ नका, काम द्या. चार वर्षांचे मूल निरांजन पुसू शकते. सहा-सातव्या वर्षी भातुकलीतली भांडी मोजून डब्यात भरणे त्याचे. आठ-नऊ वर्षांचे झाले की एक वस्तू त्याच्या नावे करा, घासायची, ठेवायची, पाहुण्यांना दाखवायची जबाबदारी त्याची. ती वस्तू पडून पोचा येईल हे गृहीत धरा. म्हणून पहिली वस्तू पितळेची निवडा, चिनीमातीची नाही. मुलांना अडकित्ता, पानपुडा, बंब म्हणजे काय हे घरात कळत नसेल तर पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवा. घरच्यासारखाच अडकित्ता काचेआड दिसला की घरचा वेगळा वाटू लागतो.

कायदा आणि वाटणी

पणजोबांनी पणतवाला दिलेल्या भेटीवर आयकर लागत नाही, सरळ वंशातले नाते नातेवाईकांच्या व्याख्येत येते. मूल सज्ञान होईपर्यंत पालक सांभाळतात. सोन्याबाबत प्राप्तिकर खात्याच्या १९९४ च्या सूचनेप्रमाणे झडतीत विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. त्याहून जास्त वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्र, वाटणीपत्र, जुनी छायाचित्रे कामी येतात. लग्नाच्या छायाचित्रात पणजीच्या गळ्यात तीच माळ दिसत असेल तर ते छायाचित्र वहीत लावून ठेवा.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. त्यात ‘माझे दागिने नातीला’ असे मोघम नको. वहीतला क्रमांक, वजन, वर्णन लिहा. लॉकरवरच्या नॉमिनीला पेटी उघडता येते, वस्तूची मालकी मिळत नाही. हा गैरसमज भावंडांत फार भांडणे लावतो.

परदेशातल्या पणतवंडांसाठी वस्तू न्यायची असेल तर १९७२ चाच दुसरा कायदा, पुरातन वस्तू आणि कलानिधी यांचा, पाहावा लागतो. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वा कलात्मक वस्तू, नाणी, मूर्ती, आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वय शंभराच्या आसपास असेल तर निघण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला घ्या. इथे तुमच्या भांड्यावरचा शके उपयोगी पडतो, दोन्ही बाजूंनी. मूळ वस्तू नेता येणार नसेल तर बटरपेपरवर उतरवलेले नाव आणि आजीच्या आवाजाची फाइल पाठवा.

उजवे पान

वहीचे रिकामे पान आता मुलाला द्या. पाच वर्षांचे मूल वस्तूचे चित्र काढेल, आठ वर्षांचे दोन ओळी लिहील. शुद्धलेखन सुधारू नका, खाली वय आणि तारीख घाला. दर दिवाळीआधी भांडी खाली निघतात तेव्हा वही काढा, वस्तू मोजा, प्रत्येक क्रमांकापुढे बरोबरची खूण करा, आणि त्या वर्षी कुणी काय घासले ते त्याच्याच हाताने लिहून घ्या.